पडद्यावरील मिताचार

शेतजमिनीचा मालक कोण, तिच्यावर बोजा कोणाचा आणि यंदा तीत पीक कोणते उभे आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच पानावर देणारा सातबाराचा उतारा हा महाराष्ट्रातील रयतेच्या नित्य हाताळणीतला सरकारी कागद होय. आणि म्हणूनच, संगणकाच्या अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्याची मांडणी साधी कशी करावी याचा विचार करू पाहणाऱ्याने परदेशी पंडितांचे ग्रंथ उघडण्यापूर्वी हा कागद एकदा नीट न्याहाळावा, असे मला वाटते. १९७१ च्या नियमांनी घालून दिलेला त्याचा नमुना जवळजवळ अर्धशतक टिकला. २०२० साली महसूल खात्याने त्यात जे फेरबदल केले, ते वरवर पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटतील. दोन खातेदारांच्या नावांमध्ये एक ठळक रेघ आली. खातेक्रमांक, जो पूर्वी दुसऱ्या रकान्यात नावांपासून दूर पडलेला असे, तो ज्याचा त्याच्या नावाजवळ आला. मयत खातेदाराचे नाव किंवा फिटलेला कर्जबोजा पूर्वी नुसत्या कंसात घातला जाई आणि त्या कंसाचा अर्थ ज्याला ठाऊक त्यालाच कळे. आता त्यावर आडवी रेघ मारून तो उघडपणे खोडला जाऊ लागला. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज वाचकाने मनात करायची ती कागदावरच होऊन मिळू लागली, आणि शेवटचा फेरफार कोणता व कोणत्या तारखेचा हे शोधण्यासाठी सगळा उतारा पालथा घालण्याचे कारण उरले नाही.

काही गोष्टी गेल्याही. बिनशेती झालेल्या जमिनीच्या उताऱ्यावर कूळ, खंड, जुडी आणि विशेष आकारणी यांचे रकाने कोरेच राहत असत, ते वगळले गेले. जिथे पीकच नाही तिथे पिकाचा नमुना बारा कशासाठी, हा प्रश्नही विचारला गेला आणि तशी सूचना उताऱ्यावर छापली जाऊ लागली. परंतु हिशेबच करायचा झाला तर, शेतजमिनीच्या उताऱ्यावरील शाई या फेरबदलांनी कमी झाली नाही, वाढली. आणि तरीही तो कागद अधिक साधा झाला! वडिलार्जित गटावर सात-आठ वारसांची नावे चढलेली असताना कोणते क्षेत्र कोणाचे आणि कोणता आकार कोणाचा हे शोधता शोधता ज्याची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरत असे, त्याला त्या एका रेघेने जे दिले, ते शंभर शब्द पुसूनही देता आले नसते.

या प्रकरणात मला जे सांगावयाचे आहे, त्याचे मर्म या उदाहरणात आहे. पडद्यावरील मिताचार हा खुणांचा मिताचार नव्हे. वापरणाऱ्याच्या श्रमांचा तो मिताचार होय. जी वस्तू काढल्याने माणसाला आठवावे, ताडावे किंवा शोधावे लागते, ती काढणे हे काटकसरीचे नव्हे तर कृपणतेचे लक्षण आहे, आणि जी घातल्याने त्याचा एक तरी संशय मिटतो, तिची जागा पडद्यावर हक्काची आहे.

हा विचार आधुनिक वास्तू, उपस्कर आणि यंत्रे यांच्या रचनेतून संगणकाकडे आला. जर्मनीतील ब्राउन कंपनीसाठी रेडिओ, ग्रामोफोन आणि गणकयंत्रे घडविणारे डीटर राम्स यांनी वस्तूच्या उपयोगाला जे आवश्यक नाही ते तिच्या अंगावरून उतरवण्याचा जो आग्रह धरला, त्याचा संस्कार पुढील दोन पिढ्यांवर झाला. त्याच काळात, १९५३ ते १९६८ या अवधीत, जर्मनीतील उल्म या गावी जी रचनाशाळा चालली, तिचा आणि ब्राउनचा निकट संबंध होता. तेथील अध्यापक हान्स गूगेलोट आणि राम्स यांनी मिळून १९५६ साली घडविलेला ग्रामोफोन आजही वस्तुसंग्रहालयांत ठेवला जातो. मराठी वाचकाला या शाळेविषयी आस्था वाटावी असे एक कारण आहे. प्राध्यापक सुधाकर नाडकर्णी तेथे शिकले, आणि मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या, म्हणजे आयडीसीच्या, जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा आहे. उल्महून पवईस आलेल्या या शिस्तीचा यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर दर निवडणुकीत मतदानकेंद्राच्या खोक्याआड मिळते.

मतदानयंत्राचे विद्युत्शास्त्रीय अंग बंगळूरच्या आणि हैदराबादच्या सरकारी कारखान्यांचे. परंतु माणसाच्या हाताला आणि डोळ्याला ते कसे भेटावे, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयडीसीतील ए. जी. राव आणि रवी पूवैया या प्राध्यापकांनी ठरविले. मतदारापुढे येणाऱ्या भागावर उमेदवाराचे नाव, छायाचित्र, त्याचे चिन्ह, एक निळे बटन आणि एक लहानसा दिवा एवढेच असते. बटन दाबले की दिवा तांबडा लागतो आणि लांब शिटी वाजते. बटनांशेजारी ब्रेल लिपीतील आकडे आहेत. एका फळीवर सोळा नावे मावतात, उमेदवार जास्त असले तर दुसरी फळी जोडतात. यात मागे जाण्याची खूण नाही, पुढे जाण्याची नाही, भाषा निवडण्याची नाही आणि पाठ करण्याजोगे काहीही नाही.

पण हे सारे अवघडपण गेले कुठे? ते नाहीसे झाले नाही. पाच मीटर लांबीच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला अधिकाऱ्याच्या टेबलावर जे नियंत्रणयंत्र असते, त्यात ते नेऊन ठेवले आहे. मतदाराची ओळख पटवणे, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेणे, शाई लावणे आणि एका वेळी एकच मत घेण्यास यंत्र मोकळे करणे, ही कामे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी करतात, आणि ज्याला पाच वर्षांतून मोजक्याच वेळा हे यंत्र दिसणार त्याच्या वाट्याला एक बोट तेवढे येते. यवतमाळ जिल्ह्याचे मतदार लोकसभेसाठी तीन निरनिराळ्या मतदारसंघांत विभागले आहेत. वणी आणि आर्णी चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत, आणि बाकीचे यवतमाळ-वाशिममध्ये. झरी-जामणीच्या कोलाम पोडावरील, म्हणजे वस्तीवरील, वृद्धा असो, दिग्रसच्या तांड्यावरील गोरमाटी बोलणारी बाई असो की पुसदचा वकील असो, त्या फळीपुढे तिघांचे ज्ञान सारखेच पुरते. भारतातील चिन्हांची प्रथा यंत्राहून जुनी आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने हाती मिळालेली मतपत्रिका त्या पेटीत टाकली की काम झाले. निवडणूक आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी यांनी पुढे अनेक वर्षे पेन्सिलीने काढलेली साधी चित्रे, म्हणजे पंखा, शिडी, कंदील असल्या घरगुती वस्तू, ही संगणकाच्या पडद्यावर चित्रखुणा येण्याच्या कितीतरी आधीपासून या देशाच्या निरक्षर नागरिकांनी वाचली आहेत.

या चित्रांचे यश पाहून एक भ्रम निर्माण होण्याचा संभव आहे, आणि तो गेल्या पंधरा वर्षांत सर्वत्र पसरला आहे: तो असा की, शब्द काढून चित्र ठेवले म्हणजे रचना आपोआप साधी होते. सेठींची चित्रे कळत होती, कारण ती ओळखीच्या वस्तूंची होती आणि निवडणुकीपूर्वी भिंतीभिंतींवर, सभांतून आणि मिरवणुकांतून ती माणसाच्या मनावर ठसवली जात. याउलट, पडद्याच्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघा, ज्या नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी आखल्या आणि आज ज्या असंख्य ॲपच्या माथ्यावर बसल्या आहेत, त्या कशाचेच चित्र नाहीत. त्यांच्यामागे काय दडले आहे ते दाबून पाहिल्याविना कळत नाही, आणि चुकीचे काही दाबले तर पैसे जातील किंवा अर्ज रद्द होईल या धास्तीत असलेला माणूस दाबून पाहत नाही. २०१३ च्या सुमारास ॲपलने आपल्या भ्रमणध्वनीवरील बटनांच्या सावल्या आणि उठाव काढून टाकले व सारे सपाट केले. जगाने तो कित्ता गिरवला, आणि कोणता मजकूर नुसता वाचायचा व कोणता दाबायचा हा भेदच पुष्कळ ठिकाणी पुसट झाला. याकोब नील्सन यांनी १९९४ साली पडद्याच्या रचनेचे जे दहा दंडक मांडले, त्यांत आठवा मिताचाराचा आहे हे सर्व जण सांगतात. परंतु सहावा, म्हणजे माणसाला आठवायला लावू नये, समोर दिसणाऱ्यातून ओळखू द्यावे हा, त्याच यादीत आठव्याच्या आधी आहे, याकडे सोयीस्कर दुर्लक्ष होते.

आपल्या भूमीवर झालेले काम या बाबतीत फार मोलाचे आहे. बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेत इंद्राणी मेढी यांनी अक्षरओळख नसलेल्या आणि अल्पशिक्षित माणसांबरोबर अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातून एक गोष्ट पुढे आली, जिने माझ्या मते मिताचाराच्या रूढ कल्पनेला धक्का दिला पाहिजे: अल्पशिक्षित माणसाला एकात एक दडवलेल्या पोटविभागांच्या आटोपशीर रचनेपेक्षा सगळे पर्याय एकाखाली एक मांडलेली लांब यादी अधिक सोपी जाते. वर्गीकरण ही शाळेने लावलेली सवय आहे. ज्याला ती लागली त्याला घड्या घातलेला पडदा नेटका वाटतो. ज्याला लागली नाही, त्याच्यासाठी घडीच्या आतले जग अस्तित्वातच नसते.

हे ध्यानात घेऊन महाभूलेख या शासकीय भूमिअभिलेख संकेतस्थळाचा पूर्वीचा प्रारंभ पाहावा. उतारा पाहण्यासाठी प्रथम महसुली विभाग निवडावा लागे, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. शासनाच्या दप्तराची उतरंड ती हीच; पण घाटंजीच्या शेतकऱ्याला आपला जिल्हा ठाऊक असतो, आणि जिल्हा कळला की विभाग अमरावती हे यंत्राने स्वतःच जाणावयाचे. अंमलदाराला विभागाचे महत्त्व आहे, खातेदाराला नाही. त्याच उतरंडीत पुढे पांढरकवड्याचा माणूस आपला तालुका शोधू लागला की त्याला तो दप्तरी नावाने, म्हणजे केळापूर म्हणून, ओळखावा लागतो. अशा जागी पायरी कमी करावी आणि नाव मात्र दोन्ही द्यावे: एकीकडे वजाबाकी, दुसरीकडे बेरीज, आणि दोन्हींचा हेतू एकच.

लिपीच्या बाबतीतही हाच विवेक लागतो. रोमन लिपीच्या मापाने आखलेल्या ओळींत देवनागरी कोंबली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफाराला आणि वेलांटीला भिडतात. पडदा सुबक दिसावा म्हणून अक्षर बारीक केले तर जोडाक्षरांचा चिखल होतो. विंडोजमधला मंगल हा टंक घडविणारे र. कृ. जोशी हे स्वतः कवी आणि सुलेखनकार होते, आणि संगणकावरील देवनागरीला ज्यांच्यामुळे पहिले स्थैर्य आले त्यांत त्यांची गणना करावी लागते. पण वाचण्याहूनही लिहिणे कठीण. इंग्रजीची सव्वीस अक्षरे जिथे मावतात तिथे आपली बाराखडी बसवायची कशी, या प्रश्नाला आयडीसीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास स्वरचक्र या कळफलकाच्या रूपाने जे उत्तर दिले, ते मला मिताचाराचे अत्यंत सुंदर उदाहरण वाटते. त्यात व्यंजने पहिलीच्या पुस्तकातल्याच क्रमाने, क ख ग घ असे वर्ग करून, ओळीने मांडली आहेत. क या अक्षरावर बोट टेकवले की त्याच्याभोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमलते, आणि बोट हव्या त्या स्वराकडे सरकवून उचलले की अक्षर उमटते. जे स्वर त्या क्षणी नकोत ते दिसत नाहीत. पण कुठे आहेत हे कोणाला शिकवावे लागत नाही, कारण वर्णमाला त्याला आधीच पाठ आहे. दडवावे तर असे दडवावे!

आता ज्या ठिकाणी हा सर्व विचार यवतमाळच्या मातीत उतरतो, तिथे येऊ. नमुना बारामध्ये पिकाची नोंद करणे हे पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याचे, ज्याला वऱ्हाडात लोक आजही पटवारी म्हणतात त्याचे, काम होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी या ॲपच्या द्वारे हे काम राज्यभर खुद्द शेतकऱ्याच्या हाती आले. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने महसूल व कृषी खात्यांनी ही योजना राबविली. नाव, खातेक्रमांक किंवा गट नंबर यांवरून खातेदार शोधायचा, चार आकडी सांकेतांक टाकायचा, मग हंगाम, पिकाचा वर्ग, पीक, क्षेत्र, जलसिंचनाचे साधन आणि लागवडीचा दिनांक भरून वावरात उभे राहून छायाचित्र घ्यायचे, जेणेकरून अक्षांश-रेखांश त्याबरोबर नोंदले जातील. मुख्य पडद्यावर पीक माहिती, कायम पड व चालू पड, बांधावरची झाडे, अपलोड असे थोडेच पर्याय ठेवले होते, आणि शब्द सातबाराचेच होते, ही रचनाकारांची सूज्ञता मान्य केली पाहिजे. सांकेतांक विसरणाऱ्यासाठी तो पुन्हा मिळवण्याची सोय प्रवेशाच्या दारातच ठेवली होती, हेही ध्यानात घ्यावे.

परंतु यवतमाळच्या वावरात पीक एकटे क्वचितच असते. कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचे तास, ही या काळ्या जमिनीची जुनी रीत. पाऊस दगा देऊन पऱ्हाटी गेली तरी तुरीने घर तरावे, हा तिच्यामागचा हिशेब. ज्यांनी नमुना बारा आखला त्यांना हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी मिश्र पीक आणि निर्भेळ पीक असे निराळे रकाने केले, आणि मिश्रातील घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र यांनाही जागा दिली. एखाद्या रचनाकाराने स्वच्छ पडद्याच्या मोहाने पिकाचा एकच रकाना ठेवला असता, तर पडदा देखणा झाला असता आणि तूर दप्तरातून नाहीशी झाली असती; आणि पेऱ्याची नोंद नाही म्हटल्यावर हमीभावाच्या खरेदीकेंद्रावर तीच तूर पोत्यात असूनही नसल्यासारखी झाली असती. ई-पीक पाहणीने वर्गाचा, म्हणजे पीक निर्भेळ की मिश्र हा, प्रश्न ठेवला, आणि मुख्य पिकाखेरीज दोन दुय्यम पिके नोंदवू दिली. २०२२ च्या ऑगस्टमधील दुसऱ्या आवृत्तीत दुय्यम पिके तीन झाली. सातबारावरील त्या ठळक रेघेसारखीच ही वाढ आहे, आणि तिने शेतकऱ्याचे काम हलके केले.

झेरॉक्स आणि ॲपल येथे काम केलेले लॅरी टेस्लर यांचे एक प्रमेय आहे: प्रत्येक कामात काही अवघडपण मूळचेच असते, ते कमी करता येत नाही, एवढेच ठरवता येते की ते कोणी वाहायचे, यंत्र घडविणाऱ्याने की वापरणाऱ्याने. मतदानयंत्रात ते मतदाराकडून काढून कर्मचाऱ्याकडे नेले आहे. पीक पाहणीत ते तलाठ्याकडून काढून शेतकऱ्याकडे आणले आहे, आणि ही दिशा उलटी आहे हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ज्याचे पीक त्यानेच ते सांगावे, यात न्याय आहे. पटवारी घरबसल्या मागील वर्षाचाच पेरा उतरवून घेईल ही जुनी शंका त्याने मिटते. परंतु अक्षांश-रेखांश, जाळ्याची उपलब्धता, सांकेतांक आणि मुदत यांचा भार आता ज्याच्यावर आला, त्याने तो वाहण्याचे शिक्षण कधी घेतलेले नाही. यंत्र घडविणाऱ्याने चार दिवस अधिक राबून गटाचा मध्य कुठे आहे हे यंत्रालाच शिकवले, तर हजारो माणसांची धुऱ्यावरची घालमेल वाचते, आणि दुसऱ्या आवृत्तीत छायाचित्र घेताना शेतकरी आपल्या गटापासून किती दूर उभा आहे हे पडदा सांगू लागला, तेव्हा नेमके हेच झाले.

पोडावर किंवा तांड्यावर ज्याच्याजवळ चांगला भ्रमणध्वनी नाही, त्याची नोंद शेजाऱ्याच्या किंवा शिकत्या मुलीच्या हातून होते. एका भ्रमणध्वनीवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा योजनेत आहे. तेव्हा या ॲपचा खरा वापरकर्ता पुष्कळदा शेतकरी नसून ती मुलगी असते, जी कोलामी किंवा गोरमाटीत विचारते आणि मराठीत भरते. तिच्यासाठी सर्व खात्यांची यादी समोर उघडी असणे, कोणाची नोंद झाली आणि कोणाची राहिली हे एका नजरेत दिसणे, हे कोणत्याही सुबक चित्रखुणेपेक्षा उपयोगाचे आहे.

आणि चूक होणारच, कारण हात घाईत असतात आणि अक्षर बारीक असते. दुसऱ्या आवृत्तीने शेतकऱ्याचे म्हणणे स्वयंप्रमाणित मानले, नोंद केल्यापासून ४८ तासांच्या आत ती एकदा दुरुस्त करण्याची मोकळीक दिली, आणि तलाठ्याकडे १० टक्के नोंदींची प्रत्यक्ष तपासणी सोपवली.